२४ लाख पत्रं आणि चार प्रश्न

सरकारनं मत मागवलं, आपण मोबाइलवर बटण दाबून ते पाठवलं, म्हणजे लोकशाहीत आपला सहभाग झाला का? इंटरनेटच्या एका वादात देशभरातून लाखोंनी पत्रं गेली होती. त्यातली कोणती कामाला आली आणि कोणती नाही, हे प्रत्येक मोबाइलधारकानं समजून घ्यायला हवं.

२८ डिसेंबर २०१५ ची गोष्ट. 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्या दिवशी एक लेख छापून आला. लेखक होते फेसबुकचे सर्वेसर्वा मार्क झुकेरबर्ग. लेखात त्यांनी महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं उदाहरण दिलं होतं. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' या मोफत सेवेमुळे या शेतकऱ्याला हवामानाचा अंदाज कळू लागला, बाजारभाव बघता येऊ लागले, असं त्यात म्हटलं होतं. अशा सेवेला कुणाचा विरोध असूच कसा शकतो, असा झुकेरबर्ग यांचा सवाल होता.

वाचणाऱ्याला चटकन पटावं असंच हे होतं. गरिबाला काही फुकट मिळत असेल तर इतरांच्या पोटात का दुखावं? त्या दिवसांत वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती झळकत होत्या. फेसबुक उघडलं की फ्री बेसिक्स वाचवण्याचं आवाहन समोर यायचं. एक बटण दाबलं की आपल्या नावाचं पत्र तयार आणि थेट 'ट्राय'कडे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे रवाना! लाखो लोकांनी ते बटण दाबलं.

आणि बरोबर सहा आठवड्यांनी काय झालं? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं नेमका उलटा निर्णय दिला. इंटरनेटवर काय बघता त्यानुसार वेगवेगळे दर लावायला बंदी घातली. ११ फेब्रुवारीला फेसबुकनं भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळलं.

पत्रांचा ढीग एका बाजूला आणि निकाल दुसऱ्या बाजूला! हा लोकमताचा अपमान म्हणायचा की आदर? उत्तर देण्याआधी मूळ भांडण काय होतं ते बघू.

पंख्याला एक दर, मिक्सरला दुसरा

समजा, उद्या तुमच्या वीज कंपनीनं कळवलं, 'अमुक कंपनीचा पंखा लावलात तर त्याची वीज फुकट. तमुक कंपनीचा लावलात तर युनिटमागे नेहमीचा दर. आणि आमच्याशी करार न केलेल्या कंपनीचा मिक्सर असेल तर दुप्पट!' तुम्ही काय म्हणाल? 'मी युनिटचे पैसे भरतो. त्या विजेवर पंखा फिरवीन नाहीतर पुरणाचं वाटण वाटीन, तुम्हाला काय करायचंय?'

इंटरनेटच्या बाबतीत हाच हक्क मागणं म्हणजे 'नेट न्यूट्रॅलिटी', सोप्या मराठीत इंटरनेटची तटस्थता. तार किंवा टॉवर ज्या कंपनीचा, तिनं फक्त वाहतूक करावी. कुठलं संकेतस्थळ आवडतं, कुठलं नावडतं, हे तिनं ठरवू नये.

फ्री बेसिक्समध्ये निवडक संकेतस्थळं फुकट होती. बाकीचं जग बघायचं तर पैसे मोजा. भारतात रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी 'इंटरनेट डॉट ऑर्ग' या नावानं फेब्रुवारी २०१५ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि सप्टेंबरात तिचं नाव बदललं. विरोधकांचा मुद्दा असा, की ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो त्या फुकटच्या यादीतच फिरत राहणार. मग एखाद्या बचत गटानं आपल्या लोणच्या-पापडांसाठी संकेतस्थळ काढलं, एखाद्या तरुणानं शेतीसल्ल्याचं नवं ॲप काढलं, तर ते या ग्राहकापर्यंत पोहोचणार कसं? गरिबाचं इंटरनेट वेगळं आणि श्रीमंताचं वेगळं, अशी ही वाटणी होईल.

समर्थकांचं म्हणणंही कमी वजनाचं नव्हतं. २०१५ च्या अखेरीस देशात इंटरनेटच्या जोडण्या होत्या सुमारे ३३ कोटी. बाकीच्या कोट्यवधींना काहीच मिळत नसताना थोडं तरी मिळालं तर बिघडलं कुठे? ताट भरेपर्यंत उपाशी बसवण्यापेक्षा अर्धी भाकरी बरी, असा हा युक्तिवाद होता.

म्हणजे दोन्ही बाजू समानतेचंच नाव घेत होत्या. अशा वेळी हात वर करून मतं मोजणं पुरत नाही. नीट बसून बोलावं लागतं.

पहिली फेरी : दहा लाख ई-मेल

खरं तर हा वाद त्याआधी वर्षाच्या सुरुवातीलाच पेटला होता. २७ मार्च २०१५ रोजी ट्रायनं एक सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध केला. ११८ पानं, २० प्रश्न आणि भाषा अशी की इंग्रजी चांगलं येणाऱ्यालाही धाप लागावी! मत कळवायला मुदत २४ एप्रिलपर्यंत.

एरवी असे मसुदे येतात आणि जातात. दूरसंचार कंपन्यांचे वकील उत्तरं देतात, सामान्य माणसाला पत्ताही नसतो. या खेपेला मात्र काही तरुण स्वयंसेवक पुढे आले. त्यांनी त्या ११८ पानांचा सोपा सारांश केला. वीसही प्रश्नांची उत्तरं लिहून 'सेव्ह द इंटरनेट' या संकेतस्थळावर ठेवली. पटली तर पाठवा, हवा तो बदल करा, म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये 'एआयबी' या विनोदी मंडळींनी खास त्यांच्या शैलीत एक व्हिडिओ काढला आणि कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत विषय पोहोचला. बघता बघता दहा लाखांहून अधिक ई-मेल ट्रायकडे गेले!

परिणाम लगेच दिसू लागला. एअरटेलनं 'एअरटेल झीरो' नावाची तशीच एक योजना आणली होती. १४ एप्रिलला फ्लिपकार्टनं त्यातून अंग काढून घेतलं.

पण २७ एप्रिलला एक विचित्र प्रकार झाला. पारदर्शकता म्हणून ट्रायनं आलेले सगळे ई-मेल आपल्या संकेतस्थळावर टाकले, पाठवणाऱ्यांच्या नावासह आणि ई-मेल पत्त्यासह! दहा लाख लोकांचे पत्ते जगाला खुले झाले. मत मांडायला गेलो आणि घरचा पत्ता चव्हाट्यावर आला, अशी गत. सरकारी दप्तर डिजिटल झालं तरी नागरिकाशी वागायची रीत अजून शिकायची होती, हेच यातून दिसलं.

दुसरी फेरी : एक बटण

९ डिसेंबर २०१५ रोजी ट्रायनं दुसरा मसुदा काढला. यावेळी प्रश्न चारच. वेगवेगळ्या संकेतस्थळांना वेगवेगळे दर लावायला परवानगी असावी का? असावी म्हणत असाल तर भेदभाव होऊ नये, स्पर्धा टिकावी, नव्या उद्योजकाला वाव मिळावा, यासाठी काय उपाय कराल? लोकांना इंटरनेट मोफत देण्याचे दुसरे काही मार्ग आहेत का? आणि आणखी काही सांगायचंय का?

प्रश्न किती साधे आणि किती चपखल! तिसरा प्रश्न विशेष बघा. 'फुकट हवं की नको' एवढंच विचारलं असतं तर देश दोन तटांत विभागला असता. 'फुकट देण्याची दुसरी वाट आहे का?' असं विचारल्यावर दोन्ही तटांतल्या माणसांना एकत्र विचार करावा लागतो.

मुदत वाढवून ७ जानेवारी २०१६ पर्यंत नेली गेली. आलेल्या पत्रांची संख्या झाली सुमारे २४ लाख! त्यातली जवळपास १९ लाख फ्री बेसिक्सच्या समर्थनाची, ठरावीक साच्यातली. त्यांत 'मला फ्री बेसिक्स हवं' एवढंच होतं. विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं नव्हती.

ट्रायनं फेसबुकला पत्र लिहून हे कळवलं. आम्ही विचारपूर्वक निर्णय घेण्यासाठी सल्लामसलत करतो आहोत. तिचं रूपांतर निव्वळ डोकी मोजणाऱ्या, घडवून आणलेल्या जनमत चाचणीत होऊ नये, असा त्या पत्राचा कडक सूर होता. तुमच्या सदस्यांना निदान प्रश्नांची उत्तरं तरी द्यायला सांगा, असंही ट्रायनं सुचवलं. तेव्हा ट्रायचे अध्यक्ष होते आर. एस. शर्मा.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगायला हवं, की तयार पत्रं दुसऱ्या बाजूनंही लाखोंनी आली होती. 'सेव्ह द इंटरनेट'वाल्यांचा मसुदाही एकानं लिहून अनेकांनी पाठवलेलाच होता. फरक एवढाच, की त्यात प्रश्नांची उत्तरं होती, कारणं होती. शिवाय आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी संयुक्त निवेदन काढून फ्री बेसिक्सचे तांत्रिक दोष दाखवले. दूरसंचार कंपन्यांनीही आपली बाजू तपशिलानं मांडली. जानेवारीत ट्रायनं खुली चर्चा ठेवली, सगळ्यांना समोरासमोर बोलू दिलं.

मोजायचं की वाचायचं?

८ फेब्रुवारीचा नियम आला तो कारणांसह. देशातले कोट्यवधी लोक अजून इंटरनेटवर यायचे आहेत. अशा वेळी त्यांना इंटरनेटचं कुठलं रूप दिसावं हे कंपन्यांच्या हाती सोपवणं धोक्याचं, हा त्यातला मुख्य धागा. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालाचाही आधार घेतला होता. नियम मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. आणीबाणीच्या प्रसंगातल्या सेवांना मात्र सूट.

तिसऱ्या प्रश्नाचंही बीज रुजलं. डिसेंबर २०१६ मध्ये ट्रायनं शिफारस केली, की ग्रामीण ग्राहकांना दरमहा १०० एमबी डेटा मोफत द्यावा आणि तो कशासाठी वापरायचा ते त्यांचं त्यांनी ठरवावं. फुकट द्यायचंच तर असंही देता येतं!

अभ्यासक या पद्धतीला 'विचारविमर्शी लोकशाही' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ आपल्या घरातलाच. मुलीच्या लग्नाचं ठरवताना आपण घरात मतदान घेतो का? आजी बोलते, काका बोलतात, मुलगी स्वतःचं म्हणणं सांगते, आणि बोलता बोलता एखाद्याचं मत बदलतं. निर्णयाला वजन यावं ते कारणांमुळे, डोक्यांच्या संख्येमुळे किंवा पैशाच्या थैलीमुळे नव्हे, असा विचार जर्मन तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांनी मांडला. इंटरनेटच्या काळात त्याची गरज वाढली आहे.

का, ते अमेरिकेचं उदाहरण सांगतं. २०१७ मध्ये तिथे याच नेट न्यूट्रॅलिटीवर सरकारी आयोगानं मतं मागवली. २ कोटी २० लाखांहून अधिक आली! पुढे न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी केली आणि २०२१ च्या अहवालात जाहीर केलं, की त्यातली सुमारे १ कोटी ८० लाख मतं बनावट होती. ८५ लाख ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशांवर चाललेल्या मोहिमेतून आली होती. आणि दुसऱ्या बाजूची ७७ लाख एकट्या १९ वर्षांच्या विद्यार्थ्यानं खोट्या नावांनी पाठवली होती! आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं एकाच माणसाला लाखभर पत्रं वेगवेगळ्या शब्दांत लिहवून घेता येतात. मग नुसती मोजदाद करून काय कळणार?

शेतकरी कुठे होता?

तरीही ट्रायच्या या कहाणीत एक मोठी उणीव आहेच. ज्याच्या नावानं हा वाद लढला गेला, तो शेतकरी चर्चेत कुठे होता? फेसबुकनं त्याचं उदाहरण दिलं, विरोधकांनीही गरिबाचाच कैवार घेतला. पण मसुदा इंग्रजीत. मत पाठवायचं ई-मेलनं. म्हणजे ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांना इंटरनेट कसं मिळावं, हे ठरवलं ते इंटरनेट असलेल्यांनीच!

डिजिटल समाजातली विषमता ही अशी असते. ती उघड दार बंद करत नाही. दार उघडंच असतं, फक्त उंबरठा उंच असतो.

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एक प्रश्न होता : तुम्ही कधी इंटरनेट वापरलंय का? 'हो' म्हणणारे पुरुष होते ५७ टक्के आणि स्त्रिया ३३ टक्के. ग्रामीण भागात तर चार स्त्रियांमागे जेमतेम एक. घरात मोबाइल एकच असेल तर तो कुणाच्या खिशात असतो, हे का सांगायला हवं?

दुसरा उंबरठा भाषेचा. २०२० मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा नवा मसुदा लोकांसमोर ठेवला. धरण, खाण, कारखाना उभारण्याआधी काय तपासायचं आणि गावकऱ्यांना कसं विचारायचं, याचे हे नियम. जनसुनावणीसाठी मिळणारी ३० दिवसांची मुदत २० वर आणण्याचा प्रस्ताव त्यात होता. मसुदा होता इंग्रजी आणि हिंदीत. ज्या कोकणातल्या, विदर्भातल्या किंवा तामिळनाडूतल्या गावाच्या उशाशी प्रकल्प येणार, तिथल्या माणसानं तो वाचायचा कसा? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ३० जून २०२० रोजी न्यायालयानं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या, म्हणजे २२ भाषांत मसुद्याचं भाषांतर करायला सांगितलं. केंद्र सरकारनं या आदेशाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. लोकांना त्यांच्या भाषेत विचारा, एवढ्या साध्या मागणीसाठी केवढी ही लढाई!

तिसरा उंबरठा दिसत नाही. तो म्हणजे आपल्या पत्राचं पुढे काय झालं हे न कळणं. ट्रायनं सगळ्यांची उत्तरं प्रसिद्ध केली आणि निर्णयाची कारणंही दिली. याउलट जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा आलेल्या सूचना उघड केल्या जाणार नाहीत, असं आधीच सांगण्यात आलं. सूचना आल्या ६,९१५. लोकांना मोकळेपणी बोलता यावं म्हणून ही गुप्तता, असं त्याचं समर्थन करता येईल. २०१५ ची ई-मेल पत्त्यांची फजिती आठवली तर ते पटतंही. पण मग कंपनीनं काय मागितलं, नागरिकानं काय मागितलं आणि कुणाचं ऐकलं गेलं, हे कळायचं कसं? पत्ता झाका, मुद्दा दाखवा, असा मधला मार्ग काढता येणार नाही का?

उत्तर द्यायचं बटणच नाही!

मधले मार्ग निघू शकतात. आपल्याकडे नेट न्यूट्रॅलिटीचा वाद रंगला त्याच २०१५ साली तैवानमध्ये उबर टॅक्सीवरून रण माजलं होतं. टॅक्सीवाले संतापलेले, प्रवासी खूश, सरकार पेचात.

तिथल्या स्वयंसेवी संगणकतज्ज्ञांनी सरकारच्या साथीनं 'व्ही-तैवान' नावाचा उपक्रम सुरू केला होता. त्यात 'पोलिस' नावाची संगणक प्रणाली वापरली. आपल्या खाकी पोलिसांशी तिचा काही संबंध नाही बरं का! कुणीही आपलं म्हणणं एका वाक्यात लिहायचं. इतरांनी त्यावर सहमत, असहमत किंवा 'पुढे चला' एवढंच नोंदवायचं. गंमत म्हणजे उत्तर द्यायचं बटणच ठेवलेलं नाही! त्यामुळे 'तू कोण शहाणा?' म्हणून अंगावर जायची सोय नाही. कोणती माणसं एकसारखं मत देतात याचा नकाशा संगणक काढतो आणि दोन्ही तटांना पटतील अशी वाक्यं कोणती, ते शोधून दाखवतो.

सुरुवातीला गट दोनच, उबरच्या बाजूचे आणि विरोधातले. मग लोक एकमेकांना पटतील अशी वाक्यं लिहू लागले. प्रवाशांचा विमा हवा, गाड्यांची रीतसर नोंद हवी, कर भरायला हवा आणि टॅक्सीची सेवाही सुधारायला हवी, यावर बहुतेकांचं जमलं. नंतर उबर, टॅक्सी संघटना आणि सरकारी अधिकारी यांची बैठक झाली, ती लोकांना थेट बघता आली. २०१६ मध्ये नवे नियम आले. या उपक्रमाशी जोडलेल्या ऑड्री टँग त्याच वर्षी तिथल्या मंत्रिमंडळात दाखल झाल्या.

सगळं गोड गोड झालं असंही नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये उबरनं सेवा बंद केली आणि एप्रिलमध्ये भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांशी हातमिळवणी करून ती परतली. शिवाय व्ही-तैवानचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नाही. सत्तेतल्या माणसाची ऐकायची इच्छा नसेल तर उत्तमातली उत्तम यंत्रणाही शोभेची होते, हा त्यातला दुसरा धडा.

मेंढा (लेखा)ची मोबाइलविना लोकशाही

एवढं दूर तरी कशाला जायचं? गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटंसं गोंड गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावानं देशाला दिली. देवाजी तोफा हे तिथलं नेतृत्व. संगणक, मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून या गावानं दोन पथ्यं पाळली.

पहिलं, निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला. साहजिकच वेळ लागतो. पण एकावन्नांनी एकोणपन्नासांना हरवलं, असं होत नाही. हरलेलं कुणी नसल्यामुळे निर्णय मोडायला टपून बसलेलंही कुणी नसतं.

दुसरं पथ्य अभ्यास गटाचं. आधी विषय समजून घ्यायचा, कायदा काय म्हणतो ते जाणकाराला विचारायचं, आपसात बोलायचं. निर्णय मात्र ग्रामसभेनंच घ्यायचा. जाणकाराचं काम समजावण्याचं, ठरवण्याचं नाही.

या शिस्तीचं फळ काय? २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला.

ट्रायचे चार प्रश्न, तैवानचा नकाशा आणि मेंढ्याचा अभ्यास गट. तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट साधली. माणसाला 'हो की नाही' एवढंच न विचारता आधी समजून घ्यायची संधी दिली, मग बोलायची, आणि दुसऱ्याचं ऐकायचीही.

तुमच्या-आमच्या हातात काय?

बरंच काही! २०१४ मध्ये केंद्र सरकारनं धोरण ठरवलं, की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा सारांशही जाहीर करावा. हे धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे ते पाळलं जातंच असं नाही. म्हणूनच आठवण करून देणारे नागरिक हवेत.

मत पाठवाल तेव्हा काही गोष्टी ध्यानात ठेवा. आलेलं तयार पत्र तसंच पुढे ढकलू नका. प्रश्न काय विचारलाय ते वाचा आणि त्याचंच उत्तर द्या, दोन ओळींचं का असेना. स्वतःचा अनुभव लिहा. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही, पेन्शनसाठी ओटीपी येतो तो मुलाच्या मोबाइलवर, मुलीच्या फॉर्मसाठी सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजावे लागतात, हे मंत्रालयातल्या अधिकाऱ्याला कुठून कळणार? ते तुम्हीच सांगायला हवं. मसुदा कळत नसेल तर तो आपल्या भाषेत मागा. बडोद्याच्या किंवा इंदूरच्या मराठी घरालाही हे म्हणता येतं, आणि शेजारच्या गुजराती, हिंदी घरालाही. आणि पत्र पाठवून झालं की थांबू नका. निर्णय आला की त्यात आपल्या मुद्द्याचं काय झालं, ते बघा.

आणखी एक. घरात ज्याच्या हाती मोबाइल नाही, त्याला विचारा. आजीला विचारा, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना विचारा. त्यांचं म्हणणं त्यांच्या नावानं, त्यांच्या शब्दांत लिहून पाठवा. गरिबाच्या वतीनं बोलणारे पुष्कळ आहेत, झुकेरबर्गसुद्धा बोलले. गरिबाला बोलू देणारे थोडे.

बटण दाबायला एक सेकंद लागतो. चार प्रश्नांची उत्तरं लिहायला फार तर अर्धा तास. पुढच्या खेपेला सरकार मत मागवेल तेव्हा तेवढा वेळ काढाल ना?